पोपट सतत किंचाळतो तेव्हा : नव्याने पक्षी पाळणाऱ्यांसाठी

पोपटाला गप्प करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, एवढे सुरुवातीलाच मान्य केले तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते. उजाडताना आणि दिवस मावळताना निरोगी पक्षी दहा-पंधरा मिनिटे मोकळ्या गळ्याने ओरडणारच, कारण रानात थवा झाडावरून उठताना आणि रात्रीच्या मुक्कामाला परतताना याच वेळी हाकाटी होते. हा लेख त्या कलकलाटाविषयी नाही. ज्या घरात पक्षी दिवसभर, कोणी नजरेआड झाले की लगेच, एकाच पट्टीत किंचाळत राहतो आणि घरातली माणसे, शेजारी व खुद्द पक्षी असे तिघेही थकून जातात, त्या घरासाठी तो आहे.

उदाहरण म्हणून मी सन कॉन्यूर घेतो, कारण आमच्या घरी तोच आहे आणि शहरांतल्या सदनिकांमध्ये हल्ली तो बराच दिसतो. हा मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलमधला पक्षी. पिवळ्या-केशरी रंगामुळे पकडून पकडून रानात आता फार थोडा उरलेला. वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, पण मोकळ्या माळरानावर दूरच्या सोबत्याला ऐकू जावा असा आवाज. तो दोन खोल्यांच्या घरात कोंडला की काय होते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. कॉकटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे या इतर पाळीव पोपटांचे आवाज निराळे असले तरी पुढील बहुतेक सूचना त्यांनाही लागू पडतात.

पक्षी कोणता आहे, हे मात्र आधी तपासावे. आपल्याकडचा हिरवा पोपट, म्हणजे राघू किंवा कीर, तसेच बाजारात ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा करण पोपट, या देशी पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. आजोबांच्या काळी घरोघरी पिंजरे टांगलेले असत, ही सबब आज चालत नाही. असा पक्षी हाती आला असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परदेशी पोपटांपैकी ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटिस’ यादीत आहेत, आणि सन कॉन्यूर त्यांत आहे, त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. विकत घेताना पावती मागून ठेवावी.

पहिली पायरी : दुखणे नाही ना, याची खात्री

पोपट आजार लपवतो. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून लक्षणे दिसू लागेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. ओरडणे अचानक वाढले, आवाज बसका किंवा घरघरता झाला, पिसे फुगवून बसणे, श्वासागणिक शेपूट वरखाली होणे, विष्ठेचा रंग वा पातळपणा बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर शिकवण्याचा विचार बाजूला ठेवून पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी तपासतोच असे नाही, त्यामुळे दूरध्वनी करून आधी विचारलेले बरे. स्वयंपाकघरातल्या साध्या डिजिटल काट्यावर दर सकाळी, खाण्याआधी, पक्ष्याचे वजन करून ग्रॅममध्ये लिहून ठेवण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी. त्यात दहा टक्के घट दिसली तर पशुवैद्याकडे जायला थांबू नये. एरवी ओरडणारा पक्षी एकाएकी शांत झाला, तर ते दुखण्याचे लक्षण असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी : सात दिवसांची वही

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि म्हणूनच अडकतात. एक साधी वही घ्यावी, तीत चार रकाने आखावेत : वेळ, ओरडण्याच्या लगेच आधी काय घडले, ओरडणे किती मिनिटे चालले, आणि त्यानंतर घरातल्या कोणी काय केले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे व तोच प्रामाणिकपणे भरणे सर्वांत अवघड जाते. या आठवड्यात पक्ष्याला काहीही शिकवायला जाऊ नये. फक्त लिहावे.

आमच्या वहीतून काय निघाले ते सांगतो. आमची समजूत अशी की पक्षी ‘दिवसभर’ ओरडतो. प्रत्यक्षात नोंदी चार ठिकाणी दाटलेल्या होत्या : सकाळी सातच्या आसपास, साडेअकराला कुकर लावल्यावर, दुपारी साडेचारला मुले शाळेतून येताना, आणि रात्री नऊनंतर दिवाणखान्यात दूरदर्शन चालू असताना. सकाळची वेळ निसर्गाची होती. कुकरच्या शिट्टीला तो आपली शिट्टी जोडत होता, आणि तेही एक वेळ समजण्यासारखे. पण शेवटच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच मजकूर होता : ‘आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आले रे आले, आणि जाऊन शेंगदाणा दिला.’ मुलांच्या ओळींत ‘गप्प बस असे ओरडलो’ असे होते. म्हणजे साऱ्या घरात हा पक्षी ज्या एका गोष्टीने माणसाला हमखास बोलावू शकत होता, ती गोष्ट किंचाळणे हीच होती, आणि ती आम्हीच त्याला शिकवली होती. हळू आवाजात तो काही बोलला, शीळ घातली, तर मात्र कोणाचेच लक्ष नसे. उलट ‘आत्ता कुठे गप्प बसलाय, हात लावू नका’ असे म्हणून सगळे पाय न वाजवता पुढे जात.

तिसरी पायरी : झोप, जागा आणि उजेड

पोपटाला रोज दहा ते बारा तास अखंड, अंधारी झोप लागते. रात्री साडेअकरापर्यंत दिवे आणि मालिकांचा गोंगाट, पहाटे पाचला पाण्याचा पंप, अशा घरात पक्ष्याची झोप जेमतेम निम्मी होते आणि दुसऱ्या दिवशी तो झोपमोड झालेल्या तान्ह्या मुलासारखा किरकिरतो. शक्य असेल तर झोपेसाठी आतल्या खोलीत वेगळा छोटा पिंजरा ठेवावा, संध्याकाळी ठरलेल्या वेळी पक्ष्याला त्यात न्यावे आणि वरून हवा जाईल असे सुती कापड टाकावे. चैत्र-वैशाखात कोकीळ पहाटे चारपासून सुरू होतो आणि त्याला उत्तर म्हणून आपला पक्षीही. त्या दिवसांत जाड पडदा बराच उपयोगी पडतो. कॉकटील रात्री दचकून पिंजऱ्यात आपटते, त्यामुळे तिच्या खोलीत अगदी मंद दिवा राहू द्यावा. दिवाळीच्या रात्री सगळ्याच पक्ष्यांना आतल्या, बंद खिडक्यांच्या खोलीत ठेवावे.

दिवसा पिंजऱ्याची निदान एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, कारण चारही बाजूंनी उघड्यावर बसलेल्या पक्ष्याला कोठून काय येईल याची सतत धास्ती असते. खिडकीशी पिंजरा ठेवण्याची हौस अनेकांना असते, परंतु खिडकीबाहेर घिरट्या घालणारी घार, कठड्यावरचा कावळा किंवा समोरच्या छपरावरचे मांजर आपल्याला दिसत नाही, त्याला दिसते. पिंजऱ्यात दोन्ही पंख पूर्ण पसरून फडफडता आले पाहिजेत. गोल, शोभेचे पिंजरे यासाठी निरुपयोगी असतात.

स्वयंपाकघरात पक्षी कधीही ठेवू नये. नॉन-स्टिक तवा जास्त तापला तर त्यातून सुटणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, आणि दुसऱ्या खोलीतल्या पक्ष्यालाही तो बाधल्याची उदाहरणे आहेत. डास मारण्याची कॉइल, धूप, उदबत्ती, फवारे हेही पक्ष्याच्या खोलीत नकोत. देवघर दिवाणखान्यातच असेल तर पूजेच्या वेळी पिंजरा हलवावा.

चौथी पायरी : रिकाम्या वेळाला काम

रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात, सोलण्यात, कुरतडण्यात घालवतो. घरातल्या पोपटासमोर वाटीभर सूर्यफुलाच्या बिया आणि राळे ठेवले की त्याचे जेवण पंधरा मिनिटांत उरकते आणि उरलेले दहा तास त्याच्यापुढे उभे राहतात. शिवाय नुसत्या सूर्यफुलावर वाढलेला पक्षी लठ्ठ आणि कुपोषित असा दोन्ही होतो.

म्हणून अन्न त्याला मिळवायला लावावे. वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या, शाई नसलेल्या कागदाच्या पुड्या बांधून त्यांत दोन-चार दाणे ठेवावेत. मक्याचे अख्खे कणीस सालासकट अडकवावे. मटाराच्या शेंगा न सोलता द्याव्यात, शेवग्याच्या पाल्याची आणि कोथिंबिरीची जुडी वरच्या बाजूला उलटी टांगावी. हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे बाजारात आले की स्वच्छ धुऊन एक जुडी पिंजऱ्यात लटकवावी. घाटे फोडण्यात आमचा पक्षी तासभर असा गढून जातो की घरात कोणी आहे की नाही याचीही त्याला शुद्ध नसते. मोड आलेले मूग, गाजर, भोपळी मिरची, पेरूची फोड हे सगळे चालते. हिरवी मिरचीही चालते, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. मात्र मिरचीने पोपट बोलू लागतो या समजुतीला आधार नाही. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया आणि आपल्या ताटातले खारट-तळलेले पदार्थ मुळीच देऊ नयेत.

कुरतडायला कडुनिंबाची किंवा पेरूची, औषध न फवारलेली ताजी फांदी द्यावी आणि आठवड्याला बदलावी. एकाच वेळी दहा खेळणी टांगण्यापेक्षा तीन ठेवून अधूनमधून पालटणे चांगले. अंघोळही विसरू नये : पसरट भांड्यात पाणी, किंवा बारीक फवारा, तोही त्याला आवडत असेल तरच. भिजलेला पक्षी पुढचा बराच वेळ पिसे साफ करत शांत बसतो.

पाचवी पायरी : हाकेला उत्तर

येथून खरे काम सुरू होते. थव्यातले पोपट एकमेकांना दिसेनासे झाले की हाक मारतात आणि समोरून उत्तर आले की निर्धास्त होतात. ही हाक त्यांच्या आयुष्यात केवढी मोलाची असते याची कल्पना व्हेनेझुएलातील ग्रीन-रम्प्ड पॅरटलेट या चिमुकल्या रानपोपटांच्या अभ्यासावरून येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की पिल्ले स्वतःची ओळख सांगणारी हाक सांभाळणाऱ्या आईबापांकडून शिकतात. एका घरट्यातली अंडी दुसऱ्यात ठेवली तरी बाहेर आलेली पिल्ले पोसणाऱ्या जोडीच्याच वळणाची हाक उचलतात. घरातला पोपट आपण नजरेआड होताच ओरडतो तेव्हा तोही ‘कुठे आहात?’ असेच विचारत असतो. उत्तर आले नाही तर आवाज चढवतो. चढवलेल्या आवाजालाच उत्तर मिळाले तर पुढच्या वेळी तेथूनच सुरुवात करतो.

तेव्हा त्याला एक सोपी, आपल्याला सहन होईल अशी हाक निवडून द्यावी. दोन सुरांची शीळ, जिभेचा ‘टक्’ असा आवाज, किंवा ‘आहे हं’ असा एखादा शब्द चालेल. घरातल्या सर्वांनी तीच वापरावी. खोलीतून उठताना ती उच्चारावी, आतून एकदा पुन्हा द्यावी, परतल्यावर पुन्हा द्यावी. पक्ष्याने मधल्या काळात कोणताही सौम्य आवाज केला, मग ती शीळ असो, बडबड असो वा चोचीची करकर, तर त्याच क्षणी त्या ठरलेल्या हाकेने उत्तर द्यावे आणि जमल्यास जवळ जाऊन आवडीचा एक दाणा द्यावा. सूर्यफुलाच्या बिया यासाठीच राखून ठेवाव्यात, वाटीत घालू नयेत.

नजरेआड होण्याचा सराव स्वतंत्रपणे करावा. दाराबाहेर तीन सेकंद जाऊन, पक्षी ओरडण्याआधी परत यावे. असे पाच-सहा वेळा जमले की दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटे. ओरडण्याआधी परतणे यातच सगळे मर्म आहे. त्याने ओरडायला सुरुवात केली तर आपण घाई केली असे समजून आधीच्या मुदतीवर यावे. दिवसातून दोनदा, प्रत्येकी पाच मिनिटे पुरतात.

सहावी पायरी : किंचाळण्याला उत्तर न देणे

‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि एकटा तो बहुधा फसतो. थव्यात जगणाऱ्या जिवाला झोप नाही, काम नाही, सौम्य हाकेला उत्तर नाही, आणि वरून दुर्लक्ष, अशी स्थिती केली तर तो एक तर जास्त ओरडतो किंवा स्वतःची पिसे उपटू लागतो. वरच्या पायऱ्या पार पाडल्यानंतरच या पायरीला अर्थ आहे.

पक्षी लक्ष वेधण्यासाठी किंचाळत असेल तर त्याच्याकडे पाहू नये, बोलू नये, रागावू नये. ‘गप्प’ असे ओरडणे हेही त्याच्या लेखी उत्तरच असते. थव्यातला दुसरा पक्षी मोठ्याने साद देतो आहे, एवढाच अर्थ त्याला लागतो. पिंजऱ्यावर थाप मारणे, पाणी उडवणे, दिवसाढवळ्या कापड टाकून अंधार करणे यांनी आवाज क्षणभर थांबतो, पण पक्षी माणसाच्या हाताला घाबरू लागतो आणि तो विश्वास परत मिळवायला महिने जातात. ओरडणे थांबून दोन-तीन सेकंदांची शांतता पडली की मात्र लगेच जावे, हाक द्यावी, दाणा द्यावा. सुरुवातीला ही शांतता केवळ श्वास घेण्यापुरती असते. तिची वाट पाहत कोपऱ्यात दबा धरून बसावे लागते, आणि ते थोडे हास्यास्पद दिसते, याला इलाज नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आजवर चालत आलेला उपाय चालेनासा झाला की पक्षी काही दिवस पूर्वीपेक्षा जास्त, जास्त वेळ आणि जास्त वरच्या पट्टीत किंचाळतो. आमच्याकडे दुसरा आठवडा असा गेला की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून पक्षी बरा आहे ना, असे विचारले. नेमके याच वेळी बहुतेक घरे हार मानतात, आणि पंधरा मिनिटांनंतर ‘जाऊ दे, दे त्याला काहीतरी’ असे म्हणून शेंगदाणा दिला की पक्षी शिकतो ते एवढेच, की पाच मिनिटांनी भागत नाही, पंधरा मिनिटे ओरडावे लागते. मटक्यावर कधीतरी लागणारा आकडा माणसाला जसा सुटू देत नाही तसे हे आहे. म्हणून आजी, मुले, कामाला येणाऱ्या मावशी, सुट्टीत आलेले पाहुणे, सर्वांना नियम आधी समजावून सांगावेत. आमच्या आईला ‘आले रे आले’ सोडणे सर्वांत जड गेले. शेवटी तिने तेच शब्द ठेवले, फक्त ते शिळेला उत्तर म्हणून वापरायला सुरुवात केली.

भीतीचे किंचाळणे वेगळे असते : तुटक, तीव्र, पिसे अंगाशी घट्ट, डोळे एकाच दिशेला. पाय अडकला असेल, खिडकीत मांजर आले असेल. तेव्हा ताबडतोब धावून जावे; भ्यालेल्या पक्ष्याकडे दुर्लक्ष हा नियम कधीही नाही.

वयात येताना

सन कॉन्यूर साधारण दोन वर्षांचा झाला की त्याच्या वागण्यात जागेवर हक्क गाजवणे, चावरेपणा आणि जोराचे ओरडणे येते. त्या काळात खोके, कापडी तंबू, अंधारे कोपरे, आरसे काढून टाकावेत, कारण त्यांतून त्याला घरट्याची किंवा जोडीदाराची चाहूल लागते. कुरवाळणे डोके आणि मान एवढ्यापुरतेच ठेवावे. पाठीवरून व पंखांखालून हात फिरवल्याने तो आणखी उत्तेजित होतो. पहिल्याला सोबत म्हणून दुसरा पक्षी आणण्याचा सल्ला या वेळी हमखास मिळतो. सोबत मिळते हे खरे, पण किंचाळायला शिकलेला पक्षी दुसऱ्यालाही शिकवू शकतो, त्यामुळे आधी पहिल्याचे बस्तान नीट बसू द्यावे.

शेजाऱ्यांशी तक्रार येण्याआधीच बोलावे. सकाळी पावणेसात ते सव्वासात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास आवाज होणार, त्या वेळी आम्ही खिडक्या बंद ठेवू, एवढे सांगितले तरी माणसे बरेच सोसतात. परीक्षेच्या दिवसांत भिंतीपलीकडच्या घरात मूल अभ्यास करत असेल तर पिंजरा त्या भिंतीपासून हलवावा. भिंतीशी पुस्तकांचे कपाट, खाली जाड सतरंजी, जाड पडदे यांनी आवाज घुमणे कमी होते. आणि सर्व करूनही घराला हा पक्षी झेपत नाही असे दिसले, तर अनुभवी पालकाकडे कागदपत्रांसह सोपवावा. खिडकीतून सोडून देणे म्हणजे त्याला मृत्यूच्या तोंडी देणे होय, कारण पिंजऱ्यात वाढलेल्या परदेशी पक्ष्याला येथे अन्न शोधता येत नाही आणि कावळे त्याला पहिल्याच दिवशी घेरतात.

फरक दिसायला सहा ते बारा आठवडे धरून चालावे. वही तोवर चालू ठेवावी, कारण रोज ऐकणाऱ्या कानाला घट जाणवत नाही, आकड्यांत ती दिसते. आमच्या पहिल्या आठवड्यात दिवसाची सरासरी शंभर मिनिटांच्या वर होती, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ती तीस मिनिटांवर आली. त्यांतली वीस-पंचवीस मिनिटे सकाळ-संध्याकाळची आहेत, आणि ती राहणार. घर बदलले, कोणाची कामाची पाळी बदलली, पाळण्यात नवे मूल आले किंवा मे महिन्यात सगळे गावी जाऊन आले, की आकडा पुन्हा चढतो. तेव्हा वही काढून दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी. कुकरच्या शिट्टीला तो अजून शिट्टी देतो. त्या नोंदी आम्ही आता लिहीत नाही.